हातावर पोट असलेला माणूस आमदारकीला उभा राहतो तेव्हा

महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक लढवायची तर अनामत रक्कम भरावी लागते दहा हजार रुपये. उमेदवार अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर पाच हजार. वय २५ पूर्ण हवं, भारताचं नागरिकत्व हवं आणि राज्यातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. राखीव जागा असेल तर त्या प्रवर्गाचा दाखला हवा. शिक्षणाची अट नाही, घरदार-जमीनजुमला असण्याची अट नाही. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा, चार घरची धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभं राहून रोज काम शोधणारा, यांतला कुणीही आमदारकीला उभा राहू शकतो.

मग विधानसभेत अशी माणसं एवढी कमी का दिसतात? ‘निवडणुकीला पैसा लागतो’ हे उत्तर आपण सगळेच देतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. सगळी प्रक्रिया टप्प्याटप्प्याने पाहिली की लक्षात येतं, कष्टकरी माणूस दोन ठिकाणी अडतो. एक म्हणजे कामावरचे खाडे. दुसरं म्हणजे ज्यांच्यासाठी तो लढतो त्यांची नावं त्याच मतदारसंघाच्या यादीत आहेत की नाहीत. माझ्या मते हा दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

आधी एक फरक नीट करून घेऊ. कामगारांचे पुढारी आणि स्वतः कामगार असलेला उमेदवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या कामगार चळवळीने मोठी माणसं दिली. श्रीपाद अमृत डांगे कॉलेजात शिकताना राजकारणात आले. जॉर्ज फर्नांडिस पाद्री होण्याचं शिक्षण सोडून मुंबईत आले. १९८२ च्या गिरणी संपाचं नेतृत्व करणारे आणि १९८४ मध्ये काँग्रेसची लाट असतानाही दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेलेले दत्ता सामंत पेशाने डॉक्टर होते. या सगळ्यांनी कामगारांसाठी जे केलं त्याचं मोल कमी होत नाही. पण कामावर न जाताही त्यांचं राजकारण चालू शकत होतं. हजेरी लागली तरच पगार मिळणार, अशा माणसाने उभं राहायचं ठरवलं तर काय होतं, ते इथे पाहू.

अर्ज भरण्याआधी

पहिला प्रश्न नोकरीचा. तुम्ही केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर राजीनामा द्यावा लागतो. सरकारकडून लाभाचं पद असलेली व्यक्ती घटनेच्या कलम १९१ प्रमाणे आमदार व्हायला अपात्र ठरते आणि छाननीच्या दिवशी तुम्ही त्या पदावर नसायला हवं. एखाद्या महामंडळात किंवा महापालिकेत असाल तर तिथले सेवानियम आधी वाचून घ्या, कारण राजकारणात भाग घेण्यावरच तिथे बंदी असू शकते. सरकारशी तुमच्या स्वतःच्या नावाने कामाचा ठेका चालू असेल तर तोही अडचणीचा ठरतो. पाच-दहा माणसं घेऊन सरकारी रस्त्याचं किंवा इमारतीचं काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराने हे विशेष लक्षात ठेवावं. खासगी कारखान्यात, दुकानात, बांधकामावर काम करणाऱ्याला मात्र उभं राहण्यासाठी नोकरी सोडायची कायदेशीर गरज नाही.

दुसरा प्रश्न सूचकांचा. मान्यताप्राप्त पक्षाने एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारं पत्र, दिला असेल तर अर्जावर एकाच सूचकाची सही पुरते. अपक्षाला, किंवा नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला, दहा सूचक लागतात. हे दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत.

दहा म्हणजे काहीच नाहीत, असं वाटेल. चाकण, वाळूज, बुटीबोरी अशा एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा विचार करा. युनियनचे पाचशे सभासद आहेत, दहा वर्षं एकत्र भांडलेले, एकमेकांसाठी पगार कापून घेतलेले. त्यांनी आपल्यातला एक जण उभा करायचं ठरवलं. मग याद्या उघडल्या की दिसतं, कुणाचं नाव लातूरच्या गावी, कुणाचं यवतमाळला, कुणाचं बिहारमध्ये. जे इथलेच आहेत ते शेजारच्या दोन-तीन मतदारसंघांत विखुरलेले. दहा सूचक कसेबसे मिळतीलही, पण पाचशे घरांची मतं एका पेटीत पडत नाहीत. ज्या माणसांनी तुम्हाला नेता केलं, ती तुम्हाला मत देऊ शकत नाहीत.

ऊसतोड कामगारांचं तर याहून अवघड आहे. २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. गळीत हंगामाचे दिवस तेच. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या टोळ्या याच सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मत गावाकडे आणि माणूस फडात, अशी त्यांची दरवर्षीची स्थिती. टपालाने मत देण्याची सोय सैनिकांना आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांना आहे. ऊसतोड्याला नाही.

म्हणून उभं राहायचा विचार मनात असेल त्याने पहिलं काम निवडणुकीच्या आधी करायचं आहे: आपल्या माणसांची नावं ती राहतात तिथल्या यादीत आणणं. पत्ता बदलण्याचा अर्ज विनामूल्य भरता येतो. आचारसंहिता लागल्यावर हे सुचून फारसा उपयोग नाही.

शपथपत्र आणि आंदोलनाच्या केसेस

उमेदवारी अर्जाबरोबर ‘नमुना २६’ नावाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्जं, शिक्षण, पॅन, मागच्या पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणपत्रातले आकडे आणि गुन्हेगारी प्रकरणं लिहायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे मतदाराला ही माहिती मिळवण्याचा हक्क मिळाला. चांगला नियम आहे. फक्त तो फॉर्म पहिल्यांदा भरणाऱ्याची तारांबळ उडते.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जमीन नसेल तर ‘निरंक’ लिहा, पॅन नसेल तर तसं लिहा, लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहा. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही तो माणूस रेघ मारून पुढे जातो, आणि नेमकं तिथेच अडतो. रकाने कोरे ठेवलेला अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. बचत गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा हप्ता, मंगळसूत्र, दुचाकी हे सगळं लिहायचं. विवरणपत्र कधीच भरलेलं नसेल तर तेही तसंच लिहायचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि त्यामुळे अर्जही बाद होत नाही.

आता केसेस. कामगार चळवळीतला जवळजवळ प्रत्येक कार्यकर्ता कधी ना कधी जमावबंदी मोडल्याच्या, रस्ता अडवल्याच्या, गेटसभा घेतल्याच्या गुन्ह्यात अडकलेला असतो. नुसती केस चालू असल्याने कुणी अपात्र होत नाही. साधारणपणे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तरच अपात्रता येते. पण प्रलंबित असलेली प्रत्येक केस शपथपत्रात लिहावी लागते, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि कलमांसह. शिवाय २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा उमेदवाराला प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर त्या केसेस जाहीर कराव्या लागतात. हा खर्च त्याचाच.

हा नियम आला तो बलात्कार, खून, खंडणीचे आरोप डोक्यावर असणाऱ्यांना लोकांसमोर उघडं करण्यासाठी. त्याची गरज होतीच. पण किमान वेतनासाठी रस्त्यावर बसलेल्या बाईलाही त्याच जाहिरातीतून जावं लागतं, आणि जाहिरात वाचणाऱ्याला फक्त ‘गुन्हे: ४’ एवढंच दिसतं. मला वाटतं, अशा उमेदवाराने हा विषय लपवू नये. प्रत्येक केस कुठल्या मागणीसाठी झाली, ते आपल्या पत्रकात सविस्तर छापावं. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असायलाच हवा, नाहीतर त्याचा वेगळा गुन्हा होतो.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच घेतले जातात, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी घेतले जात नाहीत. म्हणजे पहिल्या पाळीवाल्याची पाळी बुडणारच. एका मतदारसंघात एक उमेदवार चार अर्जांपर्यंत भरू शकतो आणि अनामत एकदाच भरायची असते. एका अर्जात चूक निघाली तरी दुसरा वाचवतो, म्हणून जाणती माणसं दोन-तीन अर्ज भरून ठेवतात. अर्ज दिल्यानंतर, पण छाननीचा दिवस उजाडण्याआधी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर घटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. अर्ज देऊन पावती घेतली, फोटो काढले आणि घरी आलो, शपथ राहूनच गेली, असं झालं तर अर्ज बाद. अर्ज शेवटच्या दिवशी अडीच वाजता भरू नये, तो याचसाठी. दोन दिवस हाताशी असले तर राहिलेला कागद आणून देता येतो.

चौदा दिवस

२०२४ चं वेळापत्रक समोर ठेवू. २२ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली, २९ ऑक्टोबर अर्जाचा शेवटचा दिवस, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपली. मतदान २० नोव्हेंबरला. प्रचार मतदान संपण्याच्या ४८ तास आधी थांबतो, म्हणजे १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी.

अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. अर्जात मुक्त चिन्हांमधली तीन पसंतीची चिन्हं लिहायची. दुसऱ्या कुणी तेच मागितलं असेल तर चिठ्ठी टाकायची वेळ येते. ४ तारखेच्या दुपारी कळतं की आपली निशाणी शिट्टी, बॅट की गॅस सिलिंडर. त्यानंतर पत्रकं छापायला टाकायची. मोठ्या पक्षाची निशाणी आजोबांच्या काळापासून लोकांच्या डोळ्यांत बसलेली. अपक्षाला चौदा दिवसांत ती तीन लाखांहून जास्त मतदारांपर्यंत पोचवायची. निशाणीत किती गफलत होऊ शकते ते महाराष्ट्राने २०२४ च्याच लोकसभेत साताऱ्यात पाहिलं. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ ही निशाणी एका मोठ्या पक्षाची, आणि ट्रम्पेट एका अपक्षाला मिळालेलं. त्या अपक्षाला ३७ हजारांच्या घरात मतं पडली. जय-पराजयातला फरक ३३ हजारांहूनही कमी होता.

यंत्रावरचा क्रमही कायद्याने ठरलेला आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात मराठी वर्णक्रमाने नावं. एका यंत्रावर ‘नोटा’ धरून सोळा नावं बसतात. उमेदवार पंधरापेक्षा जास्त झाले तर अपक्षाचं नाव दुसऱ्या यंत्रावर जाऊ शकतं. नाव कितव्या क्रमांकावर आहे हे घरोघरी सांगावं लागतं ते यामुळे. आता नावासमोर उमेदवाराचा फोटो असतो, तेवढी मदत होते.

या चौदा दिवसांत कामावर जाता येत नाही. समजा रोजी सातशे रुपये आहे. कागदपत्रं, अर्ज, छाननी, प्रचार, मतदान आणि मतमोजणी धरून पंचवीस दिवस गेले तर साडेसतरा हजार रुपये बुडाले. अनामत रकमेपेक्षा हा आकडा मोठा आहे आणि तो कुठल्याही हिशोबात दाखवायचा रकाना नाही. पगारी कामगाराची गोष्ट वेगळी, पण सोपी नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब मुळे मतदानाच्या दिवशी प्रत्येक कामगाराला, रोजंदारीवाल्यालासुद्धा, भरपगारी सुट्टी द्यावी लागते. ही सुट्टी मत द्यायला आहे. उभं राहायला रजा देण्याचा नियम मात्र नाही. बऱ्याच कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, सलग दहा दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजर राहणं हे गैरवर्तन धरलेलं आहे, आणि प्रचार चौदा दिवसांचा. म्हणून रजेचा अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि मंजुरीही लेखी मिळवावी. कंत्राटी कामगाराच्या हाती तेवढंही नसतं. मुकादमाने दुसरा माणूस घेतला की त्याची जागा गेली.

मतदान करण्यासाठी कायद्याने पगारी सुट्टी दिली, तशी उमेदवाराला किमान नोकरीच्या संरक्षणासह रजा का देऊ नये, हा प्रश्न कामगार संघटनांनी जोरात विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं. हा फार खर्चिक सुधार नाही. उभे राहणारे कामगार मोजकेच असतील.

दिवसांच्या जोडीला माणसं लागतात. २०२४ मध्ये राज्यात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. २८८ मतदारसंघांत वाटली तर एकेका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. प्रत्येक बूथवर उमेदवाराचा पोलिंग एजंट बसू शकतो. तो सकाळी मॉक पोलच्या, म्हणजे मतदानाआधी यंत्र तपासण्याच्या, वेळी हजर राहतो, मतदार ओळखतो, शेवटी किती मतं झाली त्याच्या सतरा-क नमुन्याची प्रत घेतो. साडेतीनशे बूथ म्हणजे दिवसभर बसणारी साडेतीनशे माणसं, त्यांचा डबा आणि पाण्याची सोय. पक्षाकडे हे तयार असतं. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या अपक्षाकडे पन्नास बूथ भरायलाही माणसं नसतात. मतदारयादीचंही तसंच: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला ती मोफत मिळते, अपक्षाला विकत घ्यावी लागते.

चाळीस लाखांची मर्यादा कुणासाठी?

२०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. गोव्यासारख्या लहान राज्यात २८ लाख. महिना वीस हजार मिळवणाऱ्याचा हा सोळा वर्षांहून जास्तीचा पगार आहे. मर्यादा अशासाठी असते की श्रीमंताने गरिबाला पैशाने झाकून टाकू नये. पण ती फक्त उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. पक्षाच्या स्टार प्रचारकाचं हेलिकॉप्टर, पक्षाची सर्वसाधारण जाहिरात उमेदवाराच्या खात्यात धरली जात नाही. अपक्षाचा प्रत्येक रुपया मात्र धरला जातो.

खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडायचं. सगळे व्यवहार त्यातूनच. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत दहा हजारांहून जास्त रोख देता येत नाही. चहा, वडापाव, खुर्च्या, मांडव, रिक्षा, भोंगा, सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात आणि यादी उमेदवारांना देतात. ओळखीच्या मंडपवाल्याने खुर्च्या फुकट दिल्या तरी त्यांची ठरलेल्या दराने किंमत तुमच्या खर्चात लिहावी लागते. प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा वही खर्च निरीक्षकांकडे तपासून घ्यायची असते. या कामाला हिशोब येणारा, चिकाटीचा एक माणूस पूर्ण वेळ द्यावा लागतो. किराणा दुकानात किंवा पतपेढीत काम केलेलं कुणी असेल तर उत्तम.

लोकांकडून वर्गणी घेता येते. पण प्राप्तिकराची सवलत मिळते ती पक्षाला दिलेल्या देणगीवर. अपक्ष उमेदवाराला दिलेल्या पैशावर ती नाही. शंभर-दोनशे रुपये देणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. मोठी रक्कम देणारा मात्र पक्षाकडेच वळतो.

निवडून आले ते कसे

आता प्रत्यक्ष उदाहरणं. डहाणूचे विनोद निकोले २०१९ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. आदिवासी घरातला माणूस, कधीकाळी वडापाव विकून पोट भरणारा, पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता. शपथपत्रात एकूण मालमत्ता साधारण ५१ हजार रुपये. त्या विधानसभेतले सगळ्यात गरीब आमदार म्हणून त्यांची बातमी सगळीकडे छापून आली. बातमी तिथेच थांबली, आणि मला ते खटकतं. कारण महत्त्वाचं आहे ते डहाणू. या भागात १९४५ ते ४७ मध्ये वारल्यांनी गवत कापण्याच्या मजुरीसाठी आणि वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यातले. तेव्हापासून लाल बावट्याची संघटना पाड्यापाड्यांत टिकून आहे. जिथे माणसं राबतात तिथेच राहतात, आणि तिथल्याच यादीत त्यांची नावं आहेत. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. निशाणी घराघरांत माहीत आहे. बूथवर बसायला माणूस शोधावा लागत नाही. शिवाय २०१९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा होता. एवढं सगळं जुळून विजय मिळाला तो पाचेक हजार मतांनी. २०२४ मध्ये राज्यभर महायुतीची लाट असतानाही निकोले पुन्हा निवडून आले, पुन्हा तेवढ्याच थोड्या फरकाने.

सोलापूरचं उदाहरण जुनं आहे, पण तेच सांगतं. नरसय्या आडम, ज्यांना गाव आडम मास्तर म्हणतं, गिरणी कामगाराच्या घरातले. १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा ते सोलापुरातून निवडून आले. त्यांच्यामागे यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या बायका होत्या. विडी कामगार बाई पानं-तंबाखू घरी आणून घरीच विड्या वळते. तिचं कामाचं ठिकाण, तिचं घर आणि तिचं मतदान केंद्र हाकेच्या अंतरावर. युनियनची सभा म्हणजे वस्तीची सभा. मुंबईच्या गिरणगावातही असंच होतं. चाळ आणि गिरणी एकाच मतदारसंघात असायची. गिरण्या बंद पडल्या, माणसं विरार, बदलापूर, पनवेलकडे पांगली, आणि कामगाराचा म्हणून जो मतदारसंघ होता तो राहिला नाही. संघटना का कमकुवत झाली याची कारणं अनेक आहेत, पण मतदारयादीतून त्यांचं एकत्र असणंच पुसलं गेलं, हे त्यातलं मोठं कारण आहे.

दुसरा रस्ता मोठ्या पक्षाच्या तिकिटाचा. पंजाबात २०२२ मध्ये भदौर मतदारसंघातून लाभसिंग उगोके या मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या तरुणाने तेव्हाचे मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी यांना ३७ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. त्यांची आई सरकारी शाळेत सफाई कामगार. बंगालमध्ये २०२१ साली साल्तोरा इथून चंदना बाउरी निवडून आल्या, त्यांचे पती गवंडीकाम करणारे. आपल्याकडे २०१९ मध्ये माळशिरसमधून निवडून आलेले राम सातपुते ऊसतोड कामगाराच्या घरातले, विद्यार्थी संघटनेतून पुढे आलेले. पक्ष वेगवेगळे: उगोके आम आदमी पक्षाचे, बाकी दोघे भाजपचे. तिघांच्याही जागा अनुसूचित जातीसाठी राखीव, तिघांच्याही मागे जोरात असलेला पक्ष. याने त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. पण राखीव जागा नसत्या तर या पक्षांनी अशा घरांत तिकीट दिलं असतं का, हे वाचकाने स्वतः तपासून पाहावं. महाराष्ट्रात २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी आहेत. गरीब घरातले आमदार मोजायला बसलात तर त्यांतले बरेचसे या ५४ जागांवर सापडतील.

अपक्षांचं चित्र कठोर आहे. २०२४ मध्ये राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यांत निम्म्याहून जास्त, २,०८६, अपक्ष. निवडून आले दोन, जुन्नर आणि चंदगडचे, आणि दोघेही राजकारणात आधीपासून असलेले. एकूण उमेदवारांपैकी सुमारे साडेतीन हजारांच्या अनामती जप्त झाल्या. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं लागतात. राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार होते, मतदान ६६ टक्के झालं. सरासरी काढली तर एका मतदारसंघात सव्वादोन लाखांच्या आसपास मतं पडली. म्हणजे नुसती अनामत परत मिळवायला ३७ हजारांच्या वर मतं हवीत. पहिल्याच खेपेला आठ-दहा हजार मतं मिळवणाऱ्या कामगार उमेदवाराची अनामत जाते, आणि ‘डिपॉझिट जप्त’ अशी एका ओळीची बातमी येते. ती आठ हजार मतं कुठल्या बूथवर पडली हे बूथनिहाय निकालात छापलेलं असतं. पुढच्या नगरपालिकेला किंवा जिल्हा परिषदेला कुठे उभं राहायचं, ते त्या कागदावरून ठरवता येतं. तिथे वॉर्ड लहान असतो, आणि आपल्या वस्तीची मतं एका ठिकाणी पडतात.

निकालानंतर एक काम राहतं. हरलेल्या आणि जिंकलेल्या, प्रत्येक उमेदवाराने निकाल लागल्यापासून ३० दिवसांत खर्चाचा संपूर्ण हिशोब पावत्यांसह जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो, बुडालेले खाडे भरून काढायला जादा पाळ्या करतो, आणि हिशोबाची वही माळ्यावर पडते. हिशोब दिला नाही आणि आयोगाच्या नोटिशीला समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं जातं. निवडणूक लढवल्याच्या नव्हे, पावत्या न दिल्याच्या कारणावरून पुढची संधी जाते. वही सांभाळणाऱ्या माणसाकडून पहिल्याच आठवड्यात सगळ्या पावत्या लावून घ्या, सही करा आणि हिशोब दिल्याची पोच मिळवून जपून ठेवा.